थ्री-नॉट-थ्रीची थरथर

एक रायफल दोनशे यार्डांवर गोळ्या वरखाली विखुरते आणि हजार यार्डांवर तीच रायफल, अंतराच्या मानानं पाहिलं तर, त्या जास्त जवळजवळ बसवते. हे कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? थाप! गोळी एकदा नळीबाहेर पडली की तिला आवरणारं कुणी नसतं. सुटतानाची चूक अंतराबरोबर वाढतच जाणार, कमी कशी होईल?

पण इंग्लंडमधल्या सरे परगण्यात बिस्लीला, जिथे १८९० पासून मोठ्या नेमबाजी स्पर्धा भरतात, तिथल्या नेमबाजांनी हे पिढ्यानपिढ्या पाहिलं आहे. रायफल कुठली? ली-एनफिल्ड. आपल्याकडे पोलीस चौकीत जिला ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात तीच. जवळच्या चांदमारीला दुसरी रायफल काढणारे तिथले जाणते लोक नऊशे-हजार यार्डांचा पल्ला आला की पुन्हा या म्हातारीकडे वळत.

असं का व्हावं? ते समजायला काडतूस पेटल्यानंतरच्या एक-दीड मिलीसेकंदात शिरावं लागतं.

काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर सुईचा घाव बसतो, टोपी पेटते आणि तिच्या ज्वाळेनं आतली दारू पेटते. दाब चढत चढत चौरस इंचाला १८-१९ टनांवर जातो. सव्वाअकरा ग्रॅमची गोळी नळीतल्या आट्यांत घुसते. दर १० इंचांना एक फेरा या हिशेबानं फिरत फिरत ती तोंडाशी येते, तेव्हा तिचा वेग असतो सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. आता गणित करून पाहा: मिनिटाला जवळजवळ पावणेदोन लाख फेरे! भोवऱ्याला लाजवील अशा या गरगरण्यामुळेच ती हवेत कोलांट्या न खाता नाक पुढे ठेवून जाते.

आता दारूकडे या. या काडतुसात बराच काळ कॉर्डाइट भरलं जाई. सर फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी ते १८८९ मध्ये तयार केलं. (ड्यूअर म्हणजे थर्मासच्या दुहेरी भिंतींमागचं डोकं. एकाच माणसानं चहा गरम ठेवायची सोयही शोधावी आणि हेही, याला काय म्हणायचं!) कॉर्डाइट भुकटी नव्हती, त्याच्या लांब बारीक कांड्या असत आणि त्यांची जुडी काडतुसात उभी ठेवलेली असे. पण काडतुसाचा गळा तर अरुंद. त्यातून जुडी आत गेली कशी? उत्तर ऐकून मला तरी हसू फुटलं: गळा नंतर केला जाई! आधी सरळ पितळी नळकांड्यात कांड्या ठेवायच्या आणि मग, आत स्फोटक असताना, त्याचं तोंड दाबून गळा घडवायचा. अशी कोट्यवधी काडतुसं बनली. काही आपल्या खडकीतही. १८६९ साली उभ्या राहिलेल्या तिथल्या दारूगोळा कारखान्याची के. एफ. ही अक्षरं जुन्या काडतुसांच्या बुडावर आजही सापडतात.

कोट्यवधी म्हटलं की सगळी सारखी नसणार. एखाद्यात दारू कणभर जास्त, एखाद्याचं पितळ थोडं जाड. त्यामुळे एक गोळी ७४४ मीटरच्या वेगानं निघाली, तर दुसरी ७३५ च्या. नऊ मीटरचा फरक किरकोळ वाटतो ना? दोनशे यार्डांवर तो किरकोळच. हजार यार्डांवर मात्र हळू गोळीला पडायला जास्त वेळ मिळतो आणि ती जलद गोळीपेक्षा सुमारे फूटभर खाली लागते.

म्हणजे हजार यार्डांवर गोळ्या वरखाली पसरायलाच हव्यात. मग त्या पसरत का नाहीत?

कारण नळी स्थिर नसते. आपण तिला ठोस पोलाद समजतो, पण गोळी आत असतानाच ती थरथरत असते, वाकत असते. जर्मनीत क्रान्ट्स आणि कोख यांनी एकोणिसावं शतक संपता संपता बंदुकीच्या नळीची ही कंपनं मोजली. इंग्लंडमध्ये मॅलॉक यांनी १९०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे याच विषयावर निबंध मांडला. ली-एनफिल्डमध्ये ही थरथर जरा जास्तच, कारण तिची रचना. माउझर जातीच्या रायफलींत बोल्टच्या कड्या पुढे, काडतुसाच्या लगत अडकतात. जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेत त्या मागे अडकतात. त्यामुळे स्फोटाचा धक्का बसला की मधला सगळा पोलादी सांगाडा ताणला जातो आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्या ताठ नसल्यानं वाकतोही. त्याचा हिसका नळीला बसतो आणि तोंड वरखाली होतं.

आता खरी गंमत. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड वर चाललेलं असतं. जलद गोळी आधी बाहेर पडते, तेव्हा तोंड किंचित खाली असतं. हळू गोळी किंचित उशिरा येते, तोवर तोंड किंचित वर गेलेलं असतं. म्हणजे जी गोळी जास्त पडणार, तिलाच रायफल थोडी वर रोखून सोडते! सुरुवातीला हळू गोळीची वाट जलद गोळीच्या वर असते, म्हणून दोनशे यार्डांवर पसारा दिसतो. पुढे ती जास्त झुकत जाते आणि नऊशे-हजार यार्डांच्या आसपास दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात.

हे घडायला किती वेळ मिळतो? सेकंदाचे लाख भाग करा. त्यातल्या दीड भागाच्या अंतरानं दोन गोळ्या बाहेर पडतात आणि तेवढ्यात तोंड वर जायला हवं साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं. ते तितकं जातंही. कुणी असं ठरवून रायफल घडवली नव्हती. मागच्या कड्या ठेवल्या त्या बोल्ट झटपट चालावा म्हणून, आणि त्या दोषाच्या पोटी हा गुण निघाला.

रायफलच असं सांभाळून घेत असेल, तर उडालेल्या कवचांत पुन्हा दारू आणि गोळी घालून हातानं काडतुसं भरणाऱ्याला करायला उरतं काय? (ब्रिटन, अमेरिका, कॅनडात हा रीतसर छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.) बरंच उरतं, आणि त्याची सुरुवात होते पितळापासून. लष्करी रायफलीत काडतूस बसायची जागा मुद्दाम ऐसपैस कोरलेली असते, कारण खंदकातलं चिखलानं माखलेलं काडतूसही आत गेलं पाहिजे. थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं. खांद्यापाशी मोकळी जागा राहते, स्फोटात पितळ फुगून ती भरून काढतं आणि बुडाजवळ ताणून पातळ होतं. चारदोनदा असं झालं की तिथेच तुटतं. शहाणा भरणारा काय करतो? एकदा उडालेलं कवच पुन्हा मूळ मापाला दाबतच नाही. पितळानं त्या रायफलीच्या पोटाचा साचा घेतलेला असतो, तो तसाच राखतो आणि फक्त गळा आवळतो, गोळी धरण्यापुरता. पुढच्या खेपेला कवच खांद्यावर टेकून नेमकं, नळीच्या मधोमध बसतं.

मग नळीचं माप. युद्धकाळात घाईनं बनलेल्या नळ्या एकसारख्या नसतात, म्हणून तो मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकून बाहेर काढतो आणि तिच्यावर उठलेले आटे मोजतो. छापील मापाची गोळी त्या नळीला सैल होत असेल, तर जरा जाड गोळी घ्यायची. आणि दारू? ती तोलायची ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे सराफाच्या एका गुंजेचे एकोणीस भाग करून त्यातला एक.

एवढं करून वेगातला फरक घटतो, पण थरथर थोडीच थांबते! म्हणून तो सुरक्षित मर्यादेच्या बराच खालून सुरू करून दारू पायरीपायरीनं वाढवतो आणि प्रत्येक पायरीला गोळ्या कुठे बसतात ते पाहतो. एखाद्या पायरीवर त्या अचानक एकत्र येतात. बहुधा त्या वजनाला गोळी अशा क्षणी बाहेर पडते, जेव्हा नळीची हालचाल तिच्या सोयीची असते. ती पायरी जास्तीत जास्त वेगाचीच असते असं मुळीच नाही, आणि वेगाच्या हावेपायी मर्यादा ओलांडणाऱ्याची कीव करावी तितकी थोडी.

हे जुळणं नाजूक किती? लाकडी दस्त्याचा पुढचा भाग नळीला खालून रेटतो. पावसाळी हवेत तो फुगला की रेटा बदलतो आणि नेमही सरकतो. रशियाच्या मोसिन-नगांत रायफलीचा नेम तर संगीन लावूनच बसवलेला असे. संगीन काढली की तोंडावरचं वजन गेलं, कंपन बदललं, गोळी भलतीकडे. एकाच कारखान्यातून लागोपाठ निघालेल्या दोन रायफलींनासुद्धा एकच काडतूस मानवेल याची खात्री नसते. म्हणून चोखंदळ भरणारा प्रत्येक रायफलीची उडालेली कवचं वेगळी ठेवतो आणि डब्यावर गोळीचं वजन, दारूचं वजन, तारीख यांच्याबरोबर त्या रायफलीचा क्रमांकही लिहितो.