टेबलाची वाट पाहणारी गोष्ट

‘साइनफेल्ड’ या अमेरिकी विनोदी मालिकेचा ‘द चायनीज रेस्टॉरंट’ हा भाग एनबीसी वाहिनीवर 23 मे 1991 रोजी दाखवला गेला. जेरी, इलेन आणि जॉर्ज हे तीन मित्र एका चिनी हॉटेलात शिरतात. त्यांना जेवून लगेच सिनेमाला जायचं असतं, पण टेबल रिकामं नसतं. टेबलं वाटून देणारा ब्रूस दर वेळी ‘पाच-दहा मिनिटं’ एवढंच सांगतो. भाग संपेपर्यंत टेबल काही मिळत नाही. लॅरी डेव्हिड आणि जेरी साइनफेल्ड यांनी हे लिहिलं, तेव्हा यात गोष्टच नाही, असा आक्षेप वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी घेतला होता.

मला हा आक्षेप तपासून पाहावासा वाटला. गोष्ट कशी रचली जाते हे तपासणाऱ्या ज्या शाखेला आपल्याकडे साहित्याच्या वर्गात कथनमीमांसा म्हणतात, तिची अवजारं या कामाला नेमकी होती. वहीत चार रकाने आखले : वेळ, काय घडलं, कोणाला काय हवं आहे, कोणाला काय ठाऊक आहे. मग भाग थांबवत थांबवत पाहिला आणि एकेक रकाना भरत गेलो.

सुरुवात व्लादिमीर प्रॉपपासून केली. रशियन परीकथांचा अभ्यास करून त्याने 1928 साली कथेतल्या 31 ‘कार्यां’ची, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक घटनांची, यादी मांडली. त्यातली बहुतेक इथे लागू पडत नाहीत, आणि ओढूनताणून लावण्यात अर्थही नाही. पण ‘अभाव’ हे त्याचं कार्य इथे ठसठशीत दिसतं. इलेनला कडकडून भूक लागली आहे. जॉर्जला तातियाना या मैत्रिणीला फोन करून इथे बोलवायचं आहे आणि हॉटेलातला एकुलता एक सार्वजनिक फोन दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे. जेरीला त्या एकाच रात्री लागलेला ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा सिनेमा गाठायचा आहे, त्यासाठी त्याने काकांना पोटदुखीची थाप मारून त्यांच्याबरोबरचं जेवण टाळलं आहे. परीकथेत अभाव भरून निघतो. इथे तिघांपैकी एकाचाही निघत नाही.

दुसऱ्या फेरीत फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत हाताशी घेतला. त्याने 1972 साली कथनाच्या गतीचे चार प्रकार सांगितले : काळ गाळून टाकणं, सारांश देणं, दृश्य दाखवणं आणि काळ थांबवून वर्णन करणं. दृश्यात घटनेचा काळ आणि सांगण्याचा काळ जवळपास सारखे असतात. विनोदी मालिका एरवी दृश्यं दाखवतात आणि मधला रिकामा वेळ गाळतात. पात्र हॉटेलच्या दारात दिसतं, पुढच्या क्षणी त्याच्यासमोर ताट असतं. माझ्या वेळेच्या रकान्यात मात्र अशी उडी कुठेच सापडली नाही. साधारण 23 मिनिटांच्या या भागातली सबंध गोष्ट म्हणजे एकच दृश्य आहे आणि ती हॉटेल सोडून कुठेही जात नाही. जॉर्ज तातियानाच्या घरून ऐन प्रेमाच्या क्षणी का पळाला, ही आधीची घटनासुद्धा आपल्याला दिसत नाही. तो ती तिथेच उभ्या उभ्या जेरीला सांगतो. इतर भागांत जे कापून टाकलं जातं, तेच लेखकांनी इथे ठेवलं आहे.

सगळ्यात जास्त हाती लागलं ते रोलां बार्त या फ्रेंच समीक्षकाच्या कसोटीतून. 1966 सालच्या निबंधात त्याने घटनांचे दोन गट केले. एक गाभ्याच्या, ज्या काढल्या तर गोष्टीची दिशा बदलते. दुसऱ्या भरणीच्या, ज्या काढल्या तरी गोष्ट तशीच पुढे जाते. प्रत्येक ओळीसमोर मी खूण करत गेलो. तातियानाचा उलटा फोन येतो, ब्रूस जॉर्जच्या ‘कोस्टान्झा’ या आडनावाऐवजी ‘कार्टराइट’ असा पुकारा करतो आणि जॉर्जची भेट हुकते. ही गाभ्याची घटना. काकांच्या ऑफिसात काम करणारी बाई तिथे जेरीला पाहते, आता थाप उघडी पडणार. हीसुद्धा गाभ्याचीच. मग येतो इलेनचा एग रोल. परक्यांच्या टेबलावरचा एग रोल उचलून खाल्लास तर 50 डॉलर देईन, अशी पैज जेरी लावतो. ती टेबलापाशी जाते, दबक्या आवाजात त्या जेवणाऱ्यांना पैशात वाटा देऊ करते, त्यांना काहीच उमगत नाही आणि ती हात हलवत परत येते. हा प्रसंग काढून टाका, गोष्टीचा धागाही हलत नाही. आणि माझ्या मते या भागातला सर्वांत हसवणारा प्रसंग हाच आहे.

अधिकाऱ्यांची गफलत इथे झाली. त्यांनी गाभ्याच्या घटना मोजल्या, त्या कमी भरल्या. पण विनोद भरणीतही राहतो. मात्र ती भरण तग धरते ती गाभा पक्का असल्यामुळे. भूक, फोन आणि सिनेमाची वेळ हे तीन ताण मागे सतत चालू नसते, तर एग रोलची पैज नुसता चाळा ठरली असती.

शेवटी उरला चौथा रकाना : कोणाला काय ठाऊक आहे. जवळपास सबंध भागभर प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त काही कळत नाही. टेबल कधी मिळणार हे जेरीला माहीत नाही, आपल्यालाही नाही. मग तिघं कंटाळून निघून जातात. ते दाराबाहेर पडताच ब्रूस हाक मारतो : साइनफेल्ड, चार जण! ही हाक फक्त आपण ऐकतो. त्या एका ओळीत आपलं ज्ञान प्रथमच पात्रांच्या पुढे जातं. काही क्षण थांबले असते तर टेबल मिळालं असतं, हे त्यांना कधीच कळणार नाही. शेवट इतका घट्ट बसतो, कारण लेखकांनी तोवर आपल्याला पात्रांच्या बरोबरीने रांगेत उभं ठेवलं होतं.

सिद्धांत लावल्याने हसू आटतं, असं मला आढळलं नाही. हसू कुठे तयार होतं ती जागा कळते आणि लिहिणाऱ्यांबद्दलचा आदर वाढतो. ‘यात काहीच घडत नाही’ हा या भागाबद्दलचा शेरा चुकीचा आहे. इथे प्रत्येक मिनिटाला काहीतरी अडतं, आणि ते अडणं हीच इथली घटना आहे. तुमच्या आवडत्या मालिकेचा एखादा भाग घ्या, हेच चार रकाने आखा आणि भरून पाहा. ‘मजा आली’ यापुढे जाऊन ती का आली, हे तुम्हाला नेमकं सांगता येईल.