इतिहास वाचावा कसा? काही निवडक पुस्तके

इतिहास विसरू नका, असे आपण प्रत्येक सभेत ऐकतो. पण तो कोणत्या पुस्तकात वाचावा, हे फारसे कुणी सांगत नाही. यंत्रमागावर रातपाळी करून आलेल्या माणसाला जाड ग्रंथ उघडवत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा ऐतिहासिक कादंबरी पडते. ती जरूर वाचावी. पण तिच्यातील संवाद लेखकाने रचलेले असतात, हे विसरू नये. आम्ही बँकेत काम करतो. तेथे व्हाउचरशिवाय नोंद होत नाही. इतिहासाच्या पुस्तकालाही तोच प्रश्न विचारावा : याला पुरावा काय?

सुरुवात छोट्या पुस्तकाने करावी. गोविंद पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ (1988) दोन बैठकांत वाचून होते. रयतेच्या पिकाला धक्का लागू नये म्हणून महाराजांनी घेतलेली काळजी, त्यांच्या सैन्यात व आरमारात असलेले मुसलमान सरदार, हे सारे त्यात सोप्या भाषेत आहे. 1970 साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी भिवंडीत दंगल पेटली. त्या गावात हे पुस्तक घरोघरी असायला हवे.

भगिनींनी ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) अवश्य वाचावे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या आठवणी लेखिकांनी टिपल्या. आपल्या घरातील आजीसुद्धा इतिहासाचे साधन आहे, हे त्यातून कळते.

चांगदेव खैरमोडे यांच्या आंबेडकर-चरित्राचा पहिला खंड 1952 साली, बाबासाहेबांच्या हयातीतच निघाला. खंड अनेक आहेत, एकेक घ्यावा.

शेवटी बाबासाहेबांचा अस्पृश्यांच्या उगमावरील 1948 चा ग्रंथ, मूळ इंग्रजीत किंवा अनुवादात. आपले मत हाच अंतिम शब्द, असा दावा आपण करीत नाही, असे ते प्रस्तावनेत स्पष्ट सांगतात. एवढा मोठा विद्वान असे म्हणतो, तर आपण पुस्तक तपासून का वाचू नये?

1907 मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांना केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका पुस्तकाने काय घडते, ते आपण जाणतोच. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, सत्कारात हारांऐवजी पुस्तक मागा, आणि एखाद्या रविवारी आपल्याच तालुक्यातील लोनाडची बौद्ध लेणी पाहून या. जयभीम!