बंदोबस्ताचं बिल

ठाणं आणि पाडा : भाग ५

मोखाड्याच्या बोहाड्याला एकदा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बंदोबस्ताला आलेला एक शिपाई बसला होता. मूळचा घाटावरचा, बदली होऊन आलेला. संबळ-पिपाणीच्या आवाजात एकामागून एक मुखवटे घातलेली सोंगं नाचत येत होती, आणि तो दर वेळी पुढच्या पोराच्या खांद्याला हात लावून विचारायचा, "आता हा कोण रे?" पोरगं देवाचं नाव सांगे, राक्षसाचं सांगे. शेवटी शिपाई वैतागून म्हणाला, "ते नाही रे, आतला माणूस कोण?" पोरगं हसलं आणि पुढं सरकून बसलं. त्याला ठाऊक होतं. चालीवरून, पायाच्या ठेक्यावरून सगळ्या गावालाच ठाऊक असतं.

या लेखमालेतला आजचा भाग त्या शिपायाच्या प्रश्नाबद्दल आहे. आतला माणूस कोण, हे गावाला माहीत असतं आणि सरकारला नसतं. अशा वेळी सरकार काय करतं?

याचं एक जुनं उत्तर आयर्लंडमधलं आहे, म्हणून थोडं तिकडं जाऊन येऊ. तिथं १७६० नंतरच्या दशकांत खेड्यापाड्यांत गुप्त टोळ्या उठत होत्या. सगळ्यात जुनी आणि नावाजलेली टोळी 'व्हाइटबॉइज'ची. अंगातल्या कपड्यांवर पांढरा सदरा चढवून हे लोक रात्री निघायचे. चराऊ रानाला घातलेली कुंपणं पाडायची, जनावरांच्या नसा कापायच्या, दुसऱ्याला हुसकावून त्याची जमीन खंडाने घेणाऱ्याच्या दारावर धमकीची चिठ्ठी डकवायची. १८२१ ते १८२४ या काळात अशा चिठ्ठ्यांखाली 'कॅप्टन रॉक' अशी सही असायची. असा कुणी माणूस नव्हताच. ज्याच्या हातात लेखणी तो कॅप्टन रॉक. कारणं आपल्याला परकी वाटू नयेत अशी होती. खंड वाढलेला. १८१५ साली नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं तसे धान्याचे भाव पडलेले. त्यातून कॅथलिक कुळांना परक्या, प्रॉटेस्टंट चर्चसाठी दशमांश भरावा लागे. साक्षीला कुणी पुढं येत नसे. जो आला त्याचं घर रात्री पेटे.

१८१४ साली रॉबर्ट पील आयर्लंडचा मुख्य सचिव होता. लंडनचे पोलीस त्यानं उभे केले ते पुढं १८२९ मध्ये. त्याची तालीम इथं झाली. त्यानं कायदा करून घेतला तो असा : एखादा मुलूख 'अशांत' जाहीर करायचा, तिथं एक पगारी दंडाधिकारी आणि त्याच्या हाताखाली शिपायांची तुकडी पाठवायची, आणि तिचा खर्च त्याच मुलखावर बसवायचा. पहिला प्रयोग टिपररी परगण्यात झाला. कोण ते कळत नाही ना? मग सगळ्यांकडून वसूल करा.

मला या हिशेबातली पुढची पायरी जास्त बोलकी वाटते. परगण्याची पट्टी किती, हे 'ग्रँड ज्युरी' नावाची मंडळी ठरवत, म्हणजे जमीनदारच. भरायची मात्र जमीन कसणाऱ्या कुळानं. खंड वाढवणारा एक, त्यापायी भडकलेला दुसरा, आणि बंदोबस्ताचं बिल दुसऱ्याच्याच नावावर. १८२२ मध्ये परगण्यापरगण्यांत कायमचे पोलीस आले तेव्हा निम्मा खर्च परगण्याकडे ठेवला गेला. १८३६ साली ते सगळे एका दलात गुंफले गेले : बराकीत राहणारे, बंदूकधारी, आणि आपल्या घरच्या परगण्यात नेमणूक न होणारे. म्हणजे मुद्दाम निवडलेले परके. 'आतला माणूस कोण' हे विचारावं लागणारेच.

परक्यांचं काय होतं ते १८३१ च्या डिसेंबरात किल्केनी परगण्यात कॅरिकशॉकला दिसलं. दशमांशाच्या नोटिसा बजावायला निघालेला बेलिफ आणि त्याच्या संरक्षणाला दिलेले पोलीस एका अरुंद गल्लीवजा वाटेत गर्दीच्या तडाख्यात सापडले. दोन्ही बाजूंना दगडी बांध. बेलिफ आणि डझनभर पोलीस तिथंच मारले गेले. खटला झाला, डॅनियल ओकॉनेलसारखा वकील बचावाला उभा राहिला, आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. साक्षीदार मिळाले नाहीत.

आयर्लंडची ही पद्धत आपल्याकडे आली ती सिंधमार्गे. सर चार्ल्स नेपियर लहानाचा मोठा झाला तो आयर्लंडमधल्या सेलब्रिजला. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर त्यानं तिथं आयरिश धर्तीचे पोलीस उभे केले : फौजेपासून वेगळे, कलेक्टरच्या कारकुनीपासून वेगळे, स्वतःचे अधिकारी असलेले. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क १८४७ साली ते पाहून आला, आणि १८५३ मध्ये मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट नेमायला सुरुवात झाली.

क्लार्क सिंधमध्ये फिरत होता तेव्हा इकडं सह्याद्रीत एका माणसाचा शोध चालू होता. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे, महादेव कोळी. १८४४ पासून त्यांचं बंड चाललेलं. राग सावकारावर. सरकारी दफ्तरात आहे ते नाकं कापल्याचं, दरोड्यांचं, लुटीचं. सावकाराच्या वहीत काय लिहिलं होतं याची चौकशी त्या मानानं फार थोडी. घाटाखाली हा मुलूख म्हणजे कोळवण. आजचा मोखाडा तालुका त्यातलाच. इंग्रजी अमलात तो शहापूरचा पेटा होता. शेजारी मुकणे राजांचं जव्हार संस्थान, वर पेठचं, उत्तरेला धरमपूरचं. नकाशावर तुकडे जोडलेली गोधडीच. एका हद्दीतून दुसरीत उतरायला इथल्या माणसाला एक ओहोळ पुरे; पाठलागावरच्या तुकडीला मात्र पत्रव्यवहार.

चार वर्षं गावं बोलली नाहीत. राघोजी सापडले ते २ जानेवारी १८४८ रोजी, आणि सापडले पंढरपूरला. त्यांच्या डोंगरात नव्हे, त्यांच्या माणसांत नव्हे. जिथं त्यांना चालीवरून ओळखून गप्प बसणारं कुणी नव्हतं, तिथं. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं गेलं.

इथं इंग्रजांनी आयर्लंडहून वेगळं एक पाऊल टाकलं, हे नोंदवलं पाहिजे. १८५७ च्या डिसेंबरात मोखाड्याला लागून असलेल्या पेठ-हरसूल भागात उठाव झाला, त्याच सुमारास कॅप्टन नटॉलनं कोळ्यांचीच पलटण उभी केली. परका आत धाडण्याऐवजी आतलाच पगारावर घेतला. डोंगरातली वाट आणि वाटेवरचं माणूस दोन्ही त्याला ओळखीचं. पलटण कामाची ठरली, आणि १८६१ मध्ये काम संपलं म्हणून मोडली. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटील पक्का झाला, तोही याच विचारातून : गावातला एक माणूस सरकारला माहीत असावा. पाटलाची त्यात काय ओढाताण होते, ते मागच्या भागात आलंच आहे.

पण पीलचं बिल काही गेलं नाही. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या १५ व्या कलमात ते तसंच्या तसं बसलं. अशांत भागात जादा पोलीस ठेवायचे आणि खर्च रहिवाशांवर टाकायचा, कुणाची ऐपत किती हे दंडाधिकाऱ्यानं ठरवायचं. पुढं त्यात सुधारणा झाली ती अशी, की काही लोकांना किंवा वर्गांना सरकार या पट्टीतून माफी देऊ शकेल. माफी मागायला कचेरीपर्यंत कोण पोचत असेल? नागली-वरई संपल्यावर खावटीसाठी सावकाराच्या ओट्यावर बसणारा नक्कीच नाही.

आणि मग १९४५. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या उठावात एक गोष्ट उलटी घडली. टिटवाळ्याच्या किसान सभेच्या परिषदेला जानेवारीत उंबरगावकडचे थोडे वारली जाऊन आले. मे महिन्यात झरीला सभा झाली, आणि वेठ करायची नाही असं ठरलं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा तो लग्नगडी. ती गुलामी तोडायची ठरली. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा उचलायचा नाही असंही ठरलं. हे रात्री नाही, मुखवट्याआड नाही. दिवसाढवळ्या, लाल झेंडा धरून, आपापल्या नावानं.

आता 'आतला माणूस कोण' हा प्रश्नच उरला नाही. सगळे समोर उभे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला हजारो आदिवासी जमले होते. किसान सभेच्या पुढारी गोदावरीबाई परुळेकरांच्या नावानं निरोप फिरवून जमीनदारांच्या माणसांनीच त्यांना तिथं गोळा केलं, असं चळवळीतले लोक सांगत आले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड. शामराव आणि गोदावरी परुळेकरांना जिल्ह्यातून तडीपार केलं गेलं. ती दोन नावं तर सगळ्यांनाच माहीत होती. तरी संप मोडला नाही.

वेठीबद्दल सरकारला माहिती नव्हती म्हणावं, तर तेही नाही. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा आदिवासी भागांवरचा अहवाल या उठावाच्या काही वर्षं आधीच छापून झालेला होता. वेठीचं वर्णन त्यात आहे. एका खात्याच्या कपाटात कारण, दुसऱ्या खात्याच्या हातात बंदूक.

१९५१ साली मुंबई राज्यानं आपला पोलीस कायदा केला. तोच आज महाराष्ट्राचा आहे. त्याचं पन्नासावं कलम काढून वाचावं. भाग अशांत जाहीर करणं, जादा पोलीस नेमणं, खर्च तिथल्या रहिवाशांकडून वसूल करणं, सगळं आहे. टिपररीपासून इथवर येताना शब्द बदलले, रकमा बदलल्या. रकाने तेच राहिले.

बोहाड्याच्या त्या रात्री पहाटे मुखवटे उतरले. घामानं निथळलेला एक सोंगाडी येऊन शिपायाच्या बाजूलाच टेकला आणि त्यानं त्याच्याकडे तंबाखू मागितली. शिपायानं पुडी दिली. "तूच होतास होय मघाशी?" त्यानं विचारलं. सोंगाडी म्हणाला, "कधी?"

(पुढच्या भागात : जंगल खात्याचा गार्ड)