जुनी लारा, नवा रंग: रिमास्टर म्हणजे नेमकं काय?

चेन्नईहून पुन्हा एकदा तुमच्या भेटीला आलोय. आजचा गेम आहे 'टूम रेडर'. पहिले तीन भाग १९९६, १९९७ आणि १९९८ सालचे. १४ फेब्रुवारी २०२४ ला ते एकत्र, रिमास्टर होऊन आले, आणि मी ते निन्टेंडो स्विचवर पुन्हा खेळलो.

आधी एक शब्द समजून घेऊ. जुना वाडा पाडून त्याच जागी नवा बांधला, तर तो रीमेक. भिंती तशाच ठेवून रंगरंगोटी केली, नवे दिवे लावले, तर तो रिमास्टर. हा रिमास्टर आहे. एक बटण दाबलं की नवं चित्र जाऊन जुनं येतं, पुन्हा दाबलं की नवं. पहिल्यांदा जुनं चित्र बघाल तेव्हा दचकाल. हे एवढं ओबडधोबड होतं? आपल्या आठवणीने ते परस्पर गुळगुळीत करून ठेवलेलं असतं!

स्विचवर हे बटण फार कामाचं आहे. पडदा ६.२ इंची, ओएलईडी मॉडेल असेल तर ७. नव्या चित्रात काही कोपरे इतके काळोखे आहेत की, दिवसाउजेडी मेट्रोत बसून किल्ली शोधताना डोळे दुखतात. अशा वेळी जुन्या चित्रावर जायचं, वस्तू उचलायची आणि परत यायचं.

भिंती त्याच आहेत म्हणजे काय? हे सगळं जग चौकोनांवर आखलेलं आहे. उभ्याने उडी मारली तर एक चौकोन पार होतो, धावत मारली तर दोन, आणि पलीकडची कड पकडली तर तीन. कडेला जायचं, एक उडी मागे घ्यायची, की धावायला नेमकी जागा मिळते. नवी नियंत्रणंही दिली आहेत, पण हे मोजमाप जुन्याच नियंत्रणांसाठी केलेलं आहे. तासभर चिडचिड होईल, तरी जुनीच घ्या. सेव्ह मात्र आता कुठेही करता येतं. प्लेस्टेशनवर पहिल्या आणि तिसऱ्या भागात त्यासाठी निळे स्फटिक लागायचे.

आता महत्त्वाचा मुद्दा. तिसरा भाग सुरू होतो भारतात. जंगल, मंदिराचे अवशेष, गंगा आणि शेवटी कालियाच्या गुहा. कालिया आपल्या गोष्टीत यमुनेच्या डोहात राहतो, तो इथे गंगेपुढच्या गुहेत! मंदिरात सहा हातांच्या शिवमूर्ती जिवंत होऊन तलवारी घेऊन अंगावर येतात. इथे चेन्नईत, एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात तिरुवालंगाडूचा नटराज आहे. त्याला चार हात, आणि त्यातला एक 'भिऊ नकोस' असं सांगणारा.

रिमास्टरमध्ये हे काहीच बदललेलं नाही. फक्त सुरुवातीला एक सूचना येते: या गेममध्ये लोकांचं आणि संस्कृतींचं पूर्वग्रहातून केलेलं चित्रण आहे, ते चूकच आहे, तरी मूळ रूपात ठेवलं आहे. मला हे पटतं. मूर्तीचे दोन हात कमी करून दिले असते, तर इंग्लंडमधल्या डर्बी गावात बसलेल्या कोअर डिझाइनच्या मंडळींनी १९९८ साली भारत कसा कल्पिला होता, हे आज कळलंच नसतं. पण सूचना लिहून काम संपत नाही. घरातली मुलं हा भाग खेळत असतील, तर शेजारी बसा आणि कालियाची खरी गोष्ट सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, कडेवरून एक उडी मागे!