दिव्याच्या खांबावर गाडीचा प्लग!

दोस्तांनो, समजा बाबांनी विजेवर चालणारी मोटार आणली. तुमचं घर चौथ्या मजल्यावर आणि गाडी उभी खाली रस्त्यावर. मग तिच्यात वीज भरायची कशी? खिडकीतून वायर सोडायची? हसलात ना! पण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांना हाच प्रश्न पडतो.

या राज्यातलं लॉस एंजेलिस शहर डोंगरांच्या कुशीत वसलंय. तिथं धूर कोंडून राहतो. १९४३च्या उन्हाळ्यात तर इतका धूर दाटला, की लोकांच्या डोळ्यांची आग आग झाली. काहींना वाटलं, शत्रूनंच विषारी वायू सोडला! पुढे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं खरा गुन्हेगार शोधला. मोटारींच्या धुरावर ऊन पडलं, की त्यातून डोळ्यांना झोंबणारे वायू तयार होतात.

म्हणून १९९०मध्ये राज्यानं नियम केला: कंपन्यांनी काही गाड्या तरी बिनधुराच्या विकायच्या. १९९६मध्ये जनरल मोटर्सची ‘ईव्ही-१’ आली, पण फक्त भाड्यानं. पुढे नियम ढिला झाला. कंपनीनं गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चक्क चिरडून टाकल्या! तरी राज्यानं नाद सोडला नाही. २०२३मध्ये तिथं विकल्या गेलेल्या दर चार नव्या मोटारींपैकी जवळजवळ एक प्लग लावून चार्ज करता येणारी होती.

ज्यांचं स्वतःचं घर आणि गॅरेज आहे, त्यांचं सोपं. रात्री प्लग लावला, की झालं. इतरांना मात्र बाहेरचा चार्जर शोधावा लागतो. २०२५मध्ये राज्यातल्या अशा चार्जरची संख्या पावणेदोन लाखांवर गेली. पेट्रोल भरायच्या नळ्यांपेक्षाही जास्त! पण गंमत बघा, पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते. चार्जरपाशी मात्र गाडी कित्येकदा तासन्‌तास अडकून पडते.

मग लॉस एंजेलिसनं एक युक्ती केली. रस्त्यावर जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी दिवे लावले. त्यांना वीज कमी लागते. उरलेली वीज वापरून शेकडो खांबांवर गाड्यांचे चार्जर बसवले. ना रस्ता फार खणावा लागला, ना नवी जागा शोधावी लागली!

बघा, नवं यंत्र निघालं म्हणजे काम संपलं असं नाही. ते अंगण नसलेल्यांच्याही हाताशी यायला हवं. आता आई-बाबांबरोबर आपल्या गल्लीत एक चक्कर मारा. सगळ्यांना सोयीचा चार्जर तुम्ही कुठं बसवाल? करा पाहू नकाशा!