चाकांवरचं घर (६) : व्हॉल्व्हकडे कोण बघतं?

एसटी (खास ट्रेलरसाठीचा) टायर की एलटी (हलक्या ट्रकचा), याचा निकाल आज लावायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण डॅलसच्या एका वाचकांचा प्रश्न आधी घ्यायलाच हवा. त्यांच्या दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला मुळात एसटी २२५/७५ आर १५ या मापाचे, लोड रेंज (वजन पेलण्याचा दर्जा) डीचे टायर होते. या मालिकेतला वजनकाट्यावरचा लेख वाचून त्यांनी ट्रक स्टॉपवर ट्रेलर तोलला, आकडे बघून हादरले आणि चारही टायर ई रेंजचे घेतले. दुकानात हवा मात्र ६५ पीएसआयच भरून मिळाली. ते विचारतात, ‘टायर तर जास्त ताकदीचा घेतला, मग हवा थोडी कमी असली तर काय बिघडतं?’

बरंच बिघडतं. वजन पेलते ती टायरमध्ये कोंडलेली हवा. टायर जाड आणि भक्कम बांधायचा तो जास्त दाबाची हवा त्यात कोंडता यावी म्हणून. या मापाचा डी टायर ६५ पीएसआयला २,५४० पौंड पेलतो, ई टायर ८० पीएसआयला २,८३०. आता ई टायरमध्ये ६५च भरा आणि दाब-वजनाचा तक्ता बघा : पुन्हा २,५४०! चार चाकांचे मिळून १,१६० पौंड त्यांनी पैसे मोजून घेतले आणि दुकानातच ठेवून आले.

पण टायरवाल्याला दोष देण्याआधी त्या चाकाचा व्हॉल्व्ह बघा. रिमच्या भोकात ओढून बसवलेला नेहमीचा काळा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. तो तसाच ठेवून टायरमध्ये ८० भरणं धोक्याचं. टायरवर शेकडो डॉलर घालणारी माणसं या काही डॉलरच्या नळीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या व्हॉल्व्हच्या आतली पिन ही न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडर यांच्या कारखान्याची देणगी. पाण्यात बुडी मारणाऱ्यांची साधनं बनवणारा हा माणूस. या व्हॉल्व्हला १८९३ साली पेटंट मिळालं आणि आजही सायकलपासून ट्रकपर्यंत तीच रचना चालते. इतकी साधी, इतकी पक्की वस्तू फार थोडी असते.

तर, ई टायरसाठी पर्याय दोन. एक, ८० पीएसआयपर्यंत चालणारा जास्त दाबाचा रबरी व्हॉल्व्ह. दुसरा, नट आवळून बसवायचा धातूचा. माझं मत ठामपणे धातूच्या बाजूने आहे, आणि व्हॉल्व्हवर दाब मोजणारा सेन्सर लावणार असाल तर दुसरा विचारच नको. चाक वेगात फिरतं तेव्हा सेन्सरचं वजन रबरी नळीला सतत बाहेर खेचतं, वाकवतं, आणि ती बुडाशी चिरते. हवेवर लक्ष ठेवायला लावलेल्या यंत्रानेच हवा जायची.

व्हॉल्व्ह बदलला तरी रिम उरतेच. तिच्यावरही कमाल वजन आणि बऱ्याचदा कमाल दाब ठोकलेला असतो, बहुतेक वेळा मागच्या अंगाला, म्हणजे चाक उतरवल्याशिवाय दिसत नाही. रिम ६५ची निघाली, तर आधी रिम बदला, नाहीतर डीच्या हिशोबानेच सामान भरा. आणि टायर कितीही वरचा घेतला तरी अ‍ॅक्सलची मर्यादा वाढत नाही. ट्रेलरच्या डाव्या अंगाला पुढे चिकटवलेला आकडा आहे तोच राहतो.

डॅलसकरांनी म्हणून एवढं करावं : चाकं उतरवून रिमवरचे आकडे वाचावेत, ते पुरेसे असतील तर धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत आणि मग ८० भरावी. भरायची ती सकाळी, ऊन लागण्याआधी, गाडी जागची हलण्याआधी. दुपारी टेक्ससच्या रस्त्यावर हाच आकडा ९०च्या घरात गेलेला दिसला, तर घाबरून हवा सोडू नये. टायर ती वाढ धरूनच बनवलेला असतो.