विजेच्या तारेपासून दूर: गाडीतल्या बॅटरीचा जमाखर्च

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. अशी एक गाडी दिंडोरी तालुक्यात करंजवण धरणाच्या काठी दोन-तीन दिवस मुक्कामाला आहे आणि जवळपास विजेची जोडणी नाही, असे समजा. रात्री दिवा लागेल, पंखा फिरेल. पण किती वेळ? उत्तर काढायला बेरीज-गुणाकार पुरेसे आहेत.

आधी खर्च मांडू. सहा वॉटचे तीन दिवे पाच तास लावले, तर ९० वॉट-तास. वीस वॉटचा पंखा आठ तास, म्हणजे १६०. साठ वॉटचा पाण्याचा पंप अर्धा तास, म्हणजे ३०. मोबाइल वगैरेंसाठी ४५ धरू. बेरीज ३२५ वॉट-तास.

आता शिल्लक पाहू. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२ × १०० = १२०० वॉट-तास ऊर्जा मावते. पण शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, असा संकेत आहे. म्हणजे हाती ६००. जेमतेम दोन दिवस निघतील. सरासरी २५ वॉट घेणारा छोटा फ्रिज दिवसभर चालवला, तर खर्चात आणखी ६०० ची भर पडते आणि एक दिवसही भागत नाही!

निम्मीच का वापरायची? अशी बॅटरी गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. तिच्यातून वीज घेताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल सौम्य होत जाते. चार्ज करताना उलटी क्रिया घडते. पण बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस राहिली, तर सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन मोठे, टणक स्फटिक बनतात. ते पुन्हा सहजी विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून बॅटरी वापरल्यापेक्षा ती अर्धपोटी ठेवल्याने लवकर मरते.

मग तासभर गाडी चालवली की भरेल ना? नाही. साधारण ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी भराभर चार्ज होते. पुढे ती कमी कमी विद्युतधारा स्वीकारते. शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. हे सावकाश काम सूर्य चांगले करतो. निरभ्र दिवशी १०० वॉटच्या सौर पॅनेलवर पाच तासांच्या कडक उन्हाइतका प्रकाश पडला, तर ५०० वॉट-तास मिळायला हवेत. उष्णता, तारा आणि बॅटरी यांत सुमारे ३५ टक्के घट धरली, तर ३२५ उरतात. जमा आणि खर्च बरोबर! पण एक ढगाळ दिवस आला की तूट सुरू होते. म्हणून पॅनेल दीडपट-दुप्पट घ्यावे. दिंडोरी सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे पॅनेल दक्षिणेकडे साधारण तेवढेच कलते ठेवावे. झाडाची थोडी सावलीही उत्पादन बरेच घटवते. लिथियम बॅटरी अधिक खोलवर वापरता येते, पण तिला तिच्या जातीचाच चार्जर लागतो.

बॅटरी किती भरली आहे, हे कसे ओळखावे? चार्जिंग व वापर दोन्ही थांबवून काही तासांनी व्होल्टमीटर लावावा. सुमारे १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. चार्जिंग चालू असताना आकडा फुगलेला दिसतो आणि फसवतो.

शाळेत इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या बॅटरीचाही असाच जमाखर्च वर्गात मांडता येईल. मात्र मोजमाप शिक्षकांनीच करावे: खोली हवेशीर असावी, कारण चार्ज होताना ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी नको आणि आम्ल अंगावर उडू देऊ नये. महिनाभराच्या नोंदींचा आलेख विद्यार्थ्यांनी काढावा. ढगाळ आठवड्यात किंवा भारनियमनाच्या दिवसांत रेषा कुठे घसरते आणि पुन्हा वर यायला किती दिवस घेते, हे त्यांनाच शोधू द्यावे.